थेंबाने गेलेली पत

बदलीचा हुकूम हातात पडला की सरकारी नोकराच्या घरात दोन प्रश्न उभे राहतात. मुलांच्या शाळेचे काय करावयाचे, हा पहिला. आणि गाडीचे काय करावयाचे, हा दुसरा. गाडी रेल्वेने न्यावी, चालवीत न्यावी, की इथेच विकून टाकावी, याचा खल जेवणाच्या पानावर दोन-तीन दिवस चालतो. विकावयाची ठरली म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. आम्ही गाडी कितीही निगुतीने वापरलेली असो, घेणारा गृहस्थ प्रथम आमच्या निगुतीकडे पाहत नाही. तो बॉनेटवरील चिन्हाकडे पाहतो. त्या चिन्हाची बाजारात जी पत असेल, तिच्या मापाने आमच्या निगुतीचे मोल ठरते. कुठल्या तरी दूरदेशीच्या कारखान्यात कुणी तरी इमानाने केलेले अथवा हयगयीने केलेले काम असे रुपयांच्या रूपाने आमच्या खिशात येते, अथवा खिशातून जाते.

ही पत कशी मिळते, कशी जाते आणि गेलेली परत येते काय, हा प्रश्न इतिहासाचा आहे. थेंबाने गेलेली हौदाने येत नाही, अशी म्हण आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आलेली आहे. दरबारात सांडलेला अत्तराचा एक थेंब बोटाने टिपून घेणाऱ्या आणि मागाहून अब्रू सावरण्यासाठी अत्तराचा हौद भरणाऱ्या धनिकाची गोष्ट वाचकांस ठाऊक असेलच. ही म्हण कितपत खरी आहे, हे पडताळून पाहावयाचे असेल तर एका कोरियन मोटारकंपनीच्या चरित्रासारखे दुसरे साधन आमच्या तरी पाहण्यात नाही. ती कंपनी म्हणजे ह्युंदाई. आपल्या वसाहतींच्या अंगणांत तिच्या गाड्या गेली पंचवीसहून अधिक वर्षे उभ्या आहेत. आणि तरीही तिची पत एकदा अमेरिकेत संपूर्ण बुडालेली होती, ही गोष्ट त्या गाड्यांच्या मालकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते.

कंपनीचे संस्थापक चुंग जू-युंग यांचा जन्म १९१५ साली थोंगचोन परगण्यातील असान या खेड्यात झाला. आज तो मुलूख उत्तर कोरियात मोडतो. त्या काळी सारा कोरिया जपानच्या अमलाखाली होता. घर शेतकऱ्याचे, भावंडे पुष्कळ, जमीन थोडी. थोरल्या मुलाने बापाच्या मागे नांगर धरावा हा रिवाज. या मुलाच्या मनात मात्र शहर भरलेले होते. तो घरातून एकदा नव्हे, अनेकदा पळाला. त्यांपैकी एका खेपेस बापाने गाय विकून ठेवलेले पैसे घेऊन तो सोलला गेला आणि जमाखर्च शिकविणाऱ्या एका शाळेत त्याने नाव घातले. बापाने शोधून काढून त्यास घरी परत नेले. चोरीच्या पैशाने जमाखर्च शिकावयास निघालेल्या या मुलाच्या वहीत पहिली नोंद कर्जाचीच पडली, आणि ती खोडण्यास त्यास साठांहून अधिक वर्षे लागली. त्या गायीकडे आम्ही शेवटी वळणार आहोत.

पुढे तो पुन्हा पळाला, आणि या खेपेस मात्र टिकला. हमाली केली, सोलमध्ये तांदळाच्या दुकानात सायकलवरून पोती पोचविण्याचे काम धरले. काम चोख आणि हिशेब स्वच्छ. म्हणून मालकाने १९३८ साली दुकानच त्याच्या हवाली केले. लवकरच जपानी सरकारने धान्याचे नियंत्रण आणले आणि दुकान बंद पडले. १९४० साली उसनवारीच्या भांडवलावर त्याने मोटारदुरुस्तीचा कारखाना घेतला. थोड्याच दिवसांत तो आगीत खाक झाला. तेव्हा ज्याचे पहिले कर्ज डोक्यावर होते त्याच सावकाराकडे तो पुन्हा गेला, आणि सावकाराने त्यास पुन्हा पैसे दिले. तारण ठेवण्याजोगे त्याच्याजवळ काहीच नव्हते. आजवरच्या वागणुकीवर सावकाराने विश्वास टाकला. पत या शब्दाचा याहून शुद्ध अर्थ आम्हांस तरी ठाऊक नाही. नव्या जागेत त्याने आपल्या दुरुस्तीचे वैशिष्ट्य ठरविले ते असे की, इतरांपेक्षा पैसे थोडे अधिक घ्यावयाचे, पण गाडी इतरांपेक्षा फार लवकर परत द्यावयाची. ज्याची गाडी बंद पडलेली असते त्यास पैशापेक्षा दिवस महाग असतात, हे त्याने ओळखले होते.

युद्ध संपले, जपानी गेले. १९४६ साली ह्युंदाई या नावाने दुरुस्तीचे दुकान पुन्हा निघाले आणि १९४७ साली बांधकामाची शाखा निघाली. ह्युंदाई या शब्दाचा कोरियन भाषेतील अर्थ 'आधुनिक' असा आहे. बांधकामाच्या धंद्यातील एक प्रसंग आमच्या विषयाच्या दृष्टीने मोलाचा आहे. कोरियातील युद्धाच्या अखेरीस, १९५३ साली, कोर्योंग येथील मोडलेला पूल दुरुस्त करण्याचा सरकारी मक्ता चुंग यांनी घेतला. भाव भराभर वाढत गेले, नदीच्या पुराने कामाची दैना केली, आणि मक्त्याची रक्कम खर्चापुढे अगदीच अपुरी ठरली. काम सोडून देण्याचा सल्ला चारचौघांनी दिला असेल. चुंग यांनी घरादारावर पैसा उभा केला, तोटा सोसला आणि १९५५ साली पूल पुरा करून दिला. पुढे हान नदीवरील पुलाचे मोठे काम त्यांना मिळाले. आपल्यापैकी ज्यांनी बांधकाम खात्यात निविदा उघडल्या आहेत, त्यांना तोट्यातला मक्ता पुरा करणारा मक्तेदार किती विरळा असतो हे सांगावयास नको.

अशा माणसाने १९६७ च्या डिसेंबरात मोटारकंपनी काढली. देशात मोटार घडविण्याची विद्या नव्हती. म्हणून अमेरिकेच्या फोर्ड कंपनीशी करार करून उल्सान येथे १९६८ पासून इंग्लंडातील कॉर्टिना गाडीचे सुटे भाग जोडण्यास आरंभ झाला. गाडी पुष्कळशी टॅक्सीवाल्यांच्या हाती गेली. इंग्लंडातील गुळगुळीत रस्त्यांसाठी घडविलेली ती गाडी कोरियातील खाचखळग्यांच्या आणि धुळीच्या रस्त्यांवर वारंवार बंद पडू लागली. तिच्या नावावरून लोक विनोद करू लागले, हप्ते थकू लागले. रस्ते वाईट म्हणून गाडी वाईट, असे कंपनीला म्हणता आले असते. पण गिऱ्हाईक रस्त्यावर नालिश लावीत नाही, गाडीवरच लावते.

फोर्डशी भागीदारी वाढविण्याची बोलणी १९७३ च्या सुमारास फिसकटली. कोरियन कंपनीने जोडणी करावी आणि नाव, नमुना व परदेशी बाजार आपल्या हाती राहावे, अशी मोठ्या कंपनीची स्वाभाविक इच्छा होती. चुंग आणि त्यांचे धाकटे बंधू चुंग से-युंग यांना स्वतःची गाडी पाहिजे होती. मग त्यांनी जगाच्या बाजारातून विद्या विकत आणली. ब्रिटिश लेलँड कंपनीतून बाहेर पडलेले जॉर्ज टर्नबुल यांना १९७४ साली नेमले. इटलीतील जोर्जेत्तो जुजारो यांच्याकडून आकार घडवून घेतला. एंजिन व गिअर जपानच्या मित्सुबिशीकडून घेतले. १९७४ च्या तुरिन येथील प्रदर्शनात 'पोनी' मांडली गेली, १९७५ च्या अखेरीस तिचे उत्पादन सुरू झाले, आणि १९७६ साली मोजक्या गाड्या बोटीवर चढून दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर देशास गेल्या. कोरियाने स्वतःची म्हणून परदेशी पाठविलेली ती पहिली मोटार होय.

पोनी साधी होती, टिकाऊ म्हणावी अशीही सर्वांशी नव्हती. पण स्वस्त होती. १९८४ साली कॅनडात ती कंपनीच्या स्वतःच्या अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक खपली. अमेरिकेतील धुराचे नियम तिला पाळता येत नव्हते, म्हणून तेथे तिला प्रवेश नव्हता. तेव्हा कंपनीने पुढच्या चाकांना गती देणारी 'एक्सेल' ही नवी गाडी तयार केली आणि १९८६ साली ४,९९५ डॉलर एवढ्या किमतीला अमेरिकेत आणली. त्या देशात इतक्या कमी किमतीला नवी गाडी मिळणे ही नवलाची गोष्ट होती. पहिल्या वर्षी १,६८,८८२ गाड्या विकल्या गेल्या. परदेशातून नव्याने आलेल्या कंपनीने पहिल्याच वर्षी इतकी विक्री केल्याचे त्यापूर्वी कधी घडले नव्हते. दुसऱ्या वर्षी आकडा अडीच लाखांवर गेला. वृत्तपत्रांनी कौतुक केले, विक्रेत्यांनी दुकाने वाढविली. हाच तो थेंब सांडण्याचा क्षण होता, आणि तो कुणास दिसला नाही.

कारण गाडीची परीक्षा विक्रीच्या दिवशी होत नसते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी होते. एक्सेलला गंज लवकर चढे, रंग उडे, यंत्राची कुरबुर चाले. किंमत कमी असल्याने ज्यांचे उत्पन्न बेताचे आणि कर्जाची परतफेड डळमळीत अशांनी ती मोठ्या संख्येने घेतली होती. त्यांना दुरुस्तीचा खर्च झेपेना, हप्ते थकले, सावकारी पेढ्यांनी गाड्या ओढून नेल्या आणि त्या जुन्या बाजारात एकदम येऊन पडल्या. पुनर्विक्रीची किंमत कोसळली. जुनी गाडी मातीमोल जाते असे दिसले म्हणजे नवी कोण घेणार? कॅनडातील क्वेबेक प्रांतात १९८९ साली मोठ्या आशेने उघडलेला कारखाना १९९३ साली बंद करावा लागला. १९९८ पर्यंत अमेरिकेतील वर्षाची विक्री नव्वद हजारांच्या आसपास येऊन ठेपली. त्या सुमारास ह्युंदाईचे नाव रात्रीच्या दूरचित्रवाणीवर विनोदाचा विषय झाले होते. अंतराळयानाच्या यंत्रफलकावर त्या कंपनीचे चिन्ह चिकटवून अंतराळवीरांस घाबरवावे, अशा अर्थाची थट्टा डेव्हिड लेटरमन यांच्या कार्यक्रमात झाली. ज्या नावाचा उच्चार होताच लोक हसतात, त्या नावाची पत संपली असे समजावयास हरकत नाही.

या कंपनीच्या इतिहासात १९९८ हे वर्ष मोठे विलक्षण आहे. आदल्या वर्षाच्या अखेरीस कोरियाची अर्थव्यवस्था कोसळली होती आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दारात जाण्याची पाळी देशावर आली होती. त्या उन्हाळ्यात उल्सानच्या कारखान्यात कामगारकपातीवरून प्रचंड संप झाला. शरद ऋतूत दिवाळे निघालेली प्रतिस्पर्धी किया कंपनी विकत घेण्याची बोली ह्युंदाईने जिंकली. सत्तेचीही सूत्रे हलली: काका चुंग से-युंग यांच्या जागी संस्थापकांचे चिरंजीव चुंग मोंग-कू आले. हे गृहस्थ आजवर कंपनीच्या दुरुस्ती-सेवेच्या शाखेचे प्रमुख होते. कारखान्यातून चकचकीत होऊन बाहेर पडणारी गाडी कधी ना कधी त्यांच्या दारी आजारी होऊन आलेली होती. गाड्या कोठे मोडतात, हे मोडलेल्या गाड्या पाहणाऱ्याइतके कोणासच कळत नाही.

आणि त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेतील शाखेने एक जाहीर हमी दिली. पहिल्या मालकास एंजिन, गिअर आणि त्यांच्याशी निगडित यंत्रभागांबद्दल दहा वर्षांची अथवा एक लाख मैलांची, म्हणजे सुमारे १,६०,००० किलोमीटरची, हमी. धंद्यातील जाणत्यांना हा वेडेपणा वाटला. ज्या कंपनीच्या गाड्या मोडतात असा लौकिक, तिनेच दहा वर्षांच्या दुरुस्तीची जबाबदारी अंगावर घ्यावी, म्हणजे दिवाळ्याला निमंत्रणच. परंतु या हमीची खरी खुबी तिच्या जाहिरातीत नव्हती. आजवर वाईट कामाचा दंड गिऱ्हाईक भरीत होते; या दिवसापासून तो कारखान्याने भरावयाचा होता. ढिला राहिलेला एक खिळा दहा वर्षे कंपनीच्याच खर्चाच्या बाजूस उभा राहणार, हे कळल्यावर तो खिळा घट्ट बसणे भागच होते. मोंग-कू यांनी दर्जाच्या तपासणीसाठी कारखान्यात कडक व्यवस्था उभी केली. २००४ साली अमेरिकेतील जे. डी. पॉवर या संस्थेच्या, नव्या गाड्यांच्या मालकांकडून त्यांच्या तक्रारी विचारून केलेल्या पाहणीत ह्युंदाई होंडाच्या बरोबरीने दुसऱ्या स्थानावर आली, तेव्हा ज्यांनी थट्टा केली होती त्यांचा डोळ्यांवर विश्वास बसला नाही. २००९ च्या मंदीत, गाडी घेतल्यावर वर्षाच्या आत नोकरी गेली तर गाडी परत घेऊ, असे वचन कंपनीने दिले. कर्जाच्या ओझ्याला भ्यालेल्या मध्यमवर्गाला हे बोल आपल्या मनातलेच वाटले असल्यास नवल नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. कारण ह्युंदाईची हिंदुस्थानातील कहाणीही त्याच १९९८ सालात सुरू होते. कंपनीची भारतीय शाखा १९९६ च्या मे महिन्यात स्थापन झाली. इतर परदेशी कंपन्या तेव्हा देशी भागीदार शोधीत. ह्युंदाईने सर्व मालकी स्वतःकडे ठेवली आणि मद्रासजवळ श्रीपेरुम्बुदूर भागात इरुंगाट्टुकोट्टै येथे कारखाना उभारला. २३ सप्टेंबर १९९८ रोजी 'सँट्रो' बाजारात आली. त्याच मोसमात आणखी दोन छोट्या गाड्या रिंगणात उतरल्या: देवू कंपनीची मॅटिझ आणि टाटांची इंडिका. सँट्रो उंच, उभट आणि दिसावयास काहीशी विचित्र होती. तिचा आकार पाहून लोकांनी नाके मुरडली. पण सरळ पाठीने बसता येणे, वयस्क मंडळींना न वाकता आत शिरता येणे, आणि जुन्या कार्ब्युरेटरऐवजी इंधन मोजून सोडणारी एंजिनाची नवी व्यवस्था, या गोष्टी थोड्याच दिवसांत लोकांच्या ध्यानात आल्या. एप्रिल १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजधानीच्या प्रदेशात नव्या गाड्यांच्या धुरावर कडक नियम घातले, तेव्हा दिल्लीत नेमणुकीवर असलेल्या मंडळींना या व्यवस्थेचे महत्त्व वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

येथे देवूचे उदाहरण शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. तीही कोरियन, तीही मोठी, आणि ती ह्युंदाईच्या आधी, १९९५ सालीच, सिएलो गाडी घेऊन हिंदुस्थानात आलेली. मॅटिझ ही तिची गाडी अनेक जाणकारांनी वाखाणली. परंतु १९९९ साली कोरियातील देवू उद्योगसमूह कर्जाखाली कोसळला आणि पुढील काही वर्षांत दिल्लीजवळच्या सुरजपूर येथील कारखानाही थंडावला. गाड्या चांगल्या होत्या की वाईट, हा प्रश्नच मग उरला नाही. सुट्या भागांसाठी मालक दारोदार फिरू लागले आणि पुनर्विक्रीत त्या गाड्यांना कोणी विचारीना. गाडी घेणारा मनुष्य केवळ लोखंड विकत घेत नाही. कंपनी पुढची दहा वर्षे दार उघडे ठेवील हा विश्वासही तो विकत घेतो. सँट्रोच्या मालकांना ते दार उघडे मिळाले. ती गाडी २०१४ च्या अखेरपर्यंत बनत होती; आणि मुंबईत फियाटच्या जुन्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी निवृत्त होऊ लागल्या तेव्हा त्यांची जागा घेणाऱ्यांत सँट्रोही होती. टॅक्सीवाला भावनेने गाडी घेत नसतो. कॉर्टिनाने ज्या न्यायासनापुढे हार खाल्ली होती, त्याच न्यायासनापुढे सँट्रो उत्तीर्ण झाली, हे इतिहासाच्या अभ्यासकाने नोंदून ठेवावे.

मालकांची मते काय आहेत, असे कुणी विचारील. आगगाडीच्या डब्यात, क्लबाच्या व्हरांड्यात, वसाहतीच्या फाटकापाशी जे कानांवर पडते त्याचा गोषवारा काढावयाचा तर वर्षानुवर्षे तोच तोच निघतो. गाडी हलकी चालते, गर्दीत चालविण्यास सोपी, आतली सजावट किमतीच्या मानाने भरगच्च, दुरुस्तीचे केंद्र लहान गावीही सापडते. ही स्तुतीची बाजू. ज्याची बदली दर तीन वर्षांनी होते आणि पुढचे ठाणे झाशी असेल की जोरहाट हे ज्यास ठाऊक नाही, त्यास यांतील शेवटचा गुण पहिला वाटतो. टीकेची बाजू अशी की, वेगाने जाताना चाकावर पकड असल्याचा भरवसा पुरेसा वाटत नाही. २०११ साली आलेल्या व्हेर्नाबद्दल तर महामार्गावर तिचा मागचा भाग डुलतो अशी तक्रार पुष्कळांनी केली. त्याहून गंभीर प्रश्न सुरक्षिततेचा. २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतीय बाजारातील पाच छोट्या गाड्या, हवेच्या पिशव्या नसलेल्या स्वस्त स्वरूपात, आदळून पाहिल्या. ह्युंदाईच्या आय-टेनसह पाचही गाड्यांना प्रौढांच्या रक्षणाबद्दल शून्य तारे मिळाले. २०२२ साली तपासलेल्या क्रेटाला तीन तारे मिळाले आणि तिचा सांगाडा अस्थिर ठरला. पुढे २०२३ साली नव्या व्हेर्नाने पाच तारे मिळविले. म्हणजे करता येत नव्हते असे नाही. मागणारा मागू लागेपर्यंत केले गेले नाही. यात दोष कंपनीचा जितका, तितकाच सजावट आधी आणि सुरक्षितता मागाहून पाहणाऱ्या आम्हां गिऱ्हाइकांचाही आहे, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे.

एकदा कमावलेली पत कायमची राहते असेही नाही. २०१२ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने उघडकीस आणले की, ह्युंदाई व किया यांनी सुमारे नऊ लाख गाड्यांच्या बाबतीत इंधनाचा हिशेब फुगवून सांगितला होता. कंपन्यांनी मालकांना भरपाई देऊ केली, आणि २०१४ साली दहा कोटी डॉलरचा दंड भरला. त्यानंतरचे प्रकरण अधिक जिव्हारी लागणारे. काही एंजिनांत घडणीच्या वेळी राहिलेला धातूचा कीस तेलाच्या वाटा अडवी आणि एंजिन चालता चालता बंद पडे. २०१५ साली सुमारे ४,७०,००० गाड्या परत बोलाविण्यात आल्या. परंतु कंपनीतच पंचवीसहून अधिक वर्षे नोकरी केलेले अभियंते किम ग्वांग-हो यांनी २०१६ साली, ही माहिती पुरती व वेळेवर दिली गेली नाही, असे अमेरिकन सरकारास कळविले. त्यांची नोकरी गेली. २०२० साली दोन्ही कंपन्यांवर मिळून २१ कोटी डॉलरच्या दंडाची तडजोड झाली आणि २०२१ साली किम यांना अमेरिकन सरकारने दोन कोटी चाळीस लाख डॉलरहून अधिक बक्षीस दिले. तिसरे प्रकरण चोरीचे. चोराला एंजिन चालू करू न देणारे इमोबिलायझर हे यंत्र अमेरिकेतील अनेक स्वस्त गाड्यांत बसविलेच नव्हते. कॅनडात कायद्याने ते सक्तीचे, म्हणून तेथे बसविलेले. २०२१-२२ पासून पोरासोरांनी या गाड्या चोरण्याचा खेळच मांडला, अपघातांत माणसे दगावली, आणि २०२३ साली सुमारे ८३ लाख गाड्यांसाठी सुधारणा पुरविण्याची पाळी कंपन्यांवर आली.

या तिन्ही प्रकरणांचा धडा एकच दिसतो. १९९८ नंतरची पत कंपनीने ज्या रीतीने मिळविली, तिच्या नेमक्या उलट रीतीने ती या वेळी सांडली. तेव्हा दोषाचा खर्च तिने आपल्या अंगावर घेतला होता. आता तो क्षणभर का होईना, मालकाच्या अंगावर ढकलला गेला. किम ग्वांग-हो यांच्यासारख्या आतल्या माणसाने सत्य बाहेर काढले नसते, तर ते आणखी किती दिवस झाकून राहिले असते कोण जाणे. फायलीवर प्रतिकूल शेरा लिहिण्याची वेळ ज्यांच्यावर कधी आली असेल, त्या आमच्या वाचकांना या अभियंत्याच्या एकाकीपणाची कल्पना करता येईल.

मग ती म्हण खरी की खोटी? उत्तर देण्याआधी त्या गायीकडे वळले पाहिजे. १९९८ च्या जून महिन्यात, ब्याऐंशी वर्षांचे चुंग जू-युंग पाचशे गाईगुरे मालमोटारींत भरून पानमुन्जोम येथील सीमा ओलांडून उत्तर कोरियात गेले. ऑक्टोबरात ते आणखी पाचशे एक घेऊन गेले. एकूण एक हजार एक. ज्या मुलखातून एका गायीचे पैसे घेऊन ते लहानपणी पळाले होते, तेथे हजार गुरे व्याज म्हणून आणि एक मुद्दल म्हणून परत गेली, असे लोक म्हणू लागले. बाप केव्हाच निवर्तला होता. मधे एक युद्ध होऊन गेले होते आणि देशाचे दोन तुकडे झाले होते. कर्ज मात्र जिवंत राहिले होते. २००१ च्या मार्चमध्ये चुंग वारले.

हे दृश्य भव्य होते खरे, पण आमच्या मते पत फेडण्याची खरी रीत त्या दृश्यात नाही. हजार गुरे हा अत्तराचा हौद झाला. खरी फेड त्याच वर्षी दुसरीकडे सुरू झाली होती: दहा वर्षांच्या हमीवर आलेली प्रत्येक बिघडलेली गाडी निमूटपणे आत घ्यावी, मालकास बिल न देता परत करावी, आणि ती का बिघडली ते कारखान्यास कळवावे. त्या कामाचे छायाचित्र कोणी काढले नाही. थेंबाने गेलेली पत हौदाने येत नाही हे अगदी खरे आहे. मात्र थेंबाने गेलेली थेंबाथेंबाने येऊ शकते, एवढी पुस्ती या इतिहासाने त्या म्हणीस जोडली आहे. आणि जी थेंबाने आली ती थेंबाने पुन्हा जाऊ शकते, हेही त्याच इतिहासाने दाखविले आहे.

२०२४ च्या आरंभी ह्युंदाईने आपल्या तळेगाव दाभाडे येथील जनरल मोटर्सचा बंद पडलेला कारखाना विकत घेतला. पुण्याहून मुंबईस जाताना त्या बाजूस नजर गेली की आम्हांस दोन कंपन्यांच्या दोन खतावण्या दिसतात: गिऱ्हाइकाला मध्येच सोडून गेलेली एक, आणि त्या रिकाम्या जागेत आलेली दुसरी. दुसरीच्या पानावर पुढे काय लिहिले जाईल ते उल्सानमधील अधिकारी ठरविणार नाहीत. तिच्या सेवाकेंद्राच्या खिडकीशी उभा असलेला कारकून आणि खिडकीबाहेर तिष्ठत असलेला मालक हे दोघे ठरवतील. आम्हीही आयुष्यभर अशाच एका खिडकीच्या आतल्या बाजूस बसलेलो आहोत. तीन वर्षांनी आम्ही ते ठाणे सोडतो. पण त्या खिडकीतून लोकांना जे मिळाले असेल, ते आमच्या मागे आमच्या खात्याच्या नावावर जमा अथवा खर्ची पडलेले राहते. नव्याने येणाऱ्या अधिकाऱ्यास ती शिल्लक न मोजता स्वीकारावी लागते.